घाटातली ग्रुप राईड: मध्येच उतरून सायकल ढकलली तर चालतं का?

संथगती
नमस्कार मंडळी. इथे बरेच सायकलवाले आहेत म्हणून हा धागा.

आमच्या भागातल्या ग्रुपने दोन दिवसांची राईड ठरवली आहे. पहिल्या दिवशी पुणे-महाबळेश्वर, साधारण १२० किमी. वाटेत जुना कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट. दुसऱ्या दिवशी प्रतापगड करून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं, तिथून सायकली टेम्पोत आणि आपण बसमध्ये. बेचाळीस जणांनी नावं दिली आहेत. मित्राच्या नादाने मीही पैसे भरून बसलोय. (मित्राने अजून भरलेले नाहीत.)

माझं वय ४७, वजन ७२. दीड वर्ष सायकल चालवतोय, पण सगळी सपाटीवर. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, चहा पितो, परत येतो. घाट म्हणून फक्त जुना कात्रज दोनदा चढलोय आणि दोन्ही वेळा बोगद्याच्या आधी थांबलो. सायकल रोडबाईक, पुढच्या चकत्या ५०/३४ दातांच्या, मागच्या ११ ते २८.

दम लागेल, पाय दुखतील, ते ठीक आहे. खरी भीती वेगळीच आहे. बेचाळीस जणांसमोर पसरणीत उतरून सायकल ढकलायची वेळ आली तर? असं करतात का लोक? की ते लाजिरवाणं समजतात?

पोहेवाला
चालतं. चालतच जावं लागतं.

भर्रकन
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. जुन्या कात्रजला थांबावं लागत असेल तर पसरणीला अजून वेळ आहे. घाट एका दमात चढायचा असतो. ढकलायचीच तर सायकल कशाला, ट्रेकला जा. अशा लोकांमुळे अख्खा ग्रुप वर तासभर थंडीत कुडकुडत बसतो. मागच्या वर्षी पाचगणीला आम्ही एकाची वाट बघत चार चहा प्यायलो. आधी तयारी करा, पैसे पुढच्या राईडला वळते करून घ्या.

वाईकर_खरा
चार चहा प्यायला मिळाले तर तक्रार कसली?

संथगती, पसरणी माझ्या दारातला घाट आहे. लोक उगाच बाऊ करतात. वाई ते पाचगणी बारा किमी. वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेला जरा कमी. म्हणजे सरासरी पाच टक्के चढ. कुठेही भिंत नाही, पण कुठे विसावाही नाही. सगळं कठीण ते एवढंच. सुरुवातीला गाव सुटलं की लोक जोरात मारतात, तिथेच फसतात. पहिले तीन किमी असे चालवा की स्वतःलाच लाज वाटली पाहिजे. अर्ध्यात आलात की डाव्या-उजव्या वळणांवर धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं, त्यानंतर माणूस आपोआप चढतो.

अवांतर: पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाटात गाणं म्हणता आलं तर समजा वेग बरोबर आहे.

अण्णा_शनिवारकर
भर्रकन यांस, आपण जन्मला नसाल तेव्हाची गोष्ट सांगतो.

१९७९ साली आम्ही कॉलेजातले सात जण पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने गेलो. सायकली भाड्याच्या, काळ्या, बावीस इंची, गिअर नावाची वस्तू आम्ही फक्त मोटारीत पाहिलेली. एकाच्या कॅरिअरला स्टोव्ह बांधलेला. पसरणी घाट आम्ही सातही जणांनी तळापासून माथ्यापर्यंत चालत, सायकल ढकलत पार केला. लाज वगैरे कुणाला वाटली नाही, कारण बघायला होतं कोण? एक बैलगाडी आणि दोन एस्ट्या.

येताना खरी मजा. ब्रेकचे रबर झिजून लोखंड रिमला घासत होतं. मग एका गाववाल्याच्या सांगण्यावरून प्रत्येकाने करवंदीची मोठी फांदी तोडून कॅरिअरला दोरीने बांधली आणि ती रस्त्यावर फरफटत घाट उतरलो. मागे धुळीचा एवढा लोट की सातव्याला समोरचे सहा दिसत नव्हते. तो सातवा मी.

तेव्हा ढकला बिनधास्त.

पोहेवाला
अण्णा, हहपुवा (हसून हसून पुरे वाट). फांदीब्रेकचं पेटंट घ्या.

मोजमाप
भावना बाजूला ठेवून जरा आकडे बघू.

रायडर ७२ किलो, सायकल, बाटल्या, सामान धरून १२. एकूण ८४ किलो ६०० मीटर वर न्यायचे. फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम ४९४ किलोज्यूल. एका तासात चढायचं तर सरासरी १३७ वॅट सतत लागतील. दीड तासात चढायचं तर ९२ वॅट. रस्त्याचं घर्षण, हवा, चेन यांचे थोडे वरून धरा. ९२ म्हणजे सपाटीवर गप्पा मारत चालवताना जेवढे लागतात तेवढेच. म्हणजे पायात ताकद नाही हा प्रश्नच नाही.

प्रश्न गिअरचा आहे. ३४-२८ वर पेडलचा एक फेरा म्हणजे अडीच मीटरच्या थोडं पुढे. मिनिटाला ६० फेरे ठेवले तर वेग होतो ताशी नऊ किमीच्या वर. दीड तासात बारा किमी म्हणजे ताशी आठ. त्या वेगाने जायचं तर फेरे पन्नासवर येतात, प्रत्येक फेरा गुडघ्यावर दाबून मारावा लागतो. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) टाका. एक फेरा २.१ मीटर, ६० फेऱ्यांना साडेसात किमी. मग तुम्ही नुसते फिरवत बसाल.

आणि कार्बनची बाटलीची जाळी वगैरे घेऊ नका. अख्खा एक किलो कमी केला तरी तासाभराच्या चढात चाळीसेक सेकंदच वाचतात.

पोहेवाला
वॅटची वटवट आवडली. ४९४ किलोज्यूल म्हणजे किती पोहे?

मोजमाप
शरीराची कार्यक्षमता पाव भाग धरली तर एक किलोज्यूल काम म्हणजे ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च. म्हणजे पाचशेच्या आसपास. दोन वडापाव.

पोहेवाला
अख्खा घाट चढून दोनच? नुकसानीचा धंदा आहे.

वैशाली_ना
मोजमाप, गिअरच्या मुद्द्याला अनुमोदन. मी पहिल्यांदा कसारा घाट चढले ती चुकीच्या गिअरवर. गुडघा तीन आठवडे बोलत होता.

संथगती, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण अशा धाग्यात हे कुणी लिहीत नाही. नाव देण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारायच्या. एक, ही ‘कुणालाच मागे सोडायचं नाही’ अशी राईड आहे, की प्रत्येकाने आपापलं बघायचं अशी? दोन्ही चालतात, पण कोणती ते आधी कळायला हवं. दुसरी, थांबे कुठे आहेत? बायकांसाठी हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. एका राईडला मी विचारलं तर उत्तर आलं, “अहो ताई, कुठेही थांबू की, सगळा निसर्गच आहे.” निसर्ग तुम्हाला, आम्हाला पेट्रोल पंप लागतो आणि त्याचं स्वच्छतागृह उघडं लागतं. त्या दिवशी आम्ही चौघीजणी पाणीच न पिता चालवत होतो, त्यातल्या एकीला शेवटी चक्कर आली. आता आम्ही मैत्रिणी आधी गाडीने जाऊन थांबे पाहून येतो आणि यादी आयोजकांच्या हातात ठेवतो.

बाकी आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून इथे गल्लीत दोन रोडबाईक दिसतात आणि पंचवटीतले काकाही कॅडेन्सवर (मिनिटाला पेडलचे फेरे) बोलतात. वय मनातून काढून टाका.

साधा_डॉक्टर
वय मनातून काढा, पण तपासणी करून काढा. ४७ वय, बैठं काम, घरात हृदयविकाराचा इतिहास किंवा बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. घाटात छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम फुटून गरगरणं यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत वळण गाठायचं नाही.

पाण्याबद्दल: तहान लागेल तसं प्या. भीतीने लिटरवर लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, ते निर्जळ राहण्याइतकंच वाईट. एका बाटलीत साधं पाणी, एकीत ओआरएस. खाणं भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाला थोडं. खजूर, केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. महागडी जेल पहिल्यांदाच राईडच्या दिवशी खाऊ नका, पोट कुठे दगा देईल सांगता येत नाही, आणि वैशालीताईंनी थांब्यांचं सांगितलंच आहे.

सुस्त_अजगर
वाचतोय. मी मित्र आहे. पैसे भरतो रे, भरतो.

भर्रकन
इथे सगळे लाड करायला बसलेत. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, २०० किमीला साडेतेरा तास मिळतात. घड्याळ कुणाचे लाड करत नाही.

शेवटचा_डबा
भर्रकन, बीआरएम मीही केल्यात, चारही अंतरं, २०० पासून ६०० पर्यंत. तिथे साडेतेरा तासांत कुणी सायकल ढकलली की नाही हे कुणी विचारत नाही. वेळेत ठिकाणी पोचलात, कार्डावर शिक्का बसला, संपलं. माझी पहिली ३०० मी वीस तासांपैकी एकोणीस तास चाळीस मिनिटांत केली आणि त्यात तीन किमी चाललो. बरं, ही बीआरएम नाहीच. ही मंडळी महाबळेश्वरला कॉर्न पॅटिस खायला चालली आहेत.

मी आमच्या ग्रुपमध्ये स्वीप असतो, म्हणजे सगळ्यात मागे राहायचं. नऊ वर्षं करतोय. पुढे कोण पहिला आला ते मला कधीच माहीत नसतं, पण शेवटच्या माणसाचं सगळं माहीत असतं. तर निरीक्षण सांगतो. जे उतरून चालतात ते पोचतात. जे उतरायची लाज वाटून दात-ओठ खात बसतात, त्यांच्या मांडीत गोळा येतो, ते वळणावर आडवे होतात आणि मग टेम्पोत बसतात. चढात पाय लॉक झालेले असताना सायकल थांबली तर क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) सुटत नाही आणि माणूस उभाच्या उभा बाजूला पडतो. मागून ट्रक येत असेल तर?

उतरायचं ठरवलं की आधी पाय सोडवा, मग डावीकडे घ्या, मग उतरा. ह्याच क्रमाने.

मीनल_लीड्स
इकडे ये आणि बघ म्हणावं भर्रकनला. आमच्या जवळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये फ्रेड व्हिटन चॅलेंज म्हणून राईड असते, १८० किमीच्या आसपास. दीडशेच्या पुढे पाय संपलेले असताना हार्डनॉट पास येतो. तिथे चढ काही ठिकाणी ३३ टक्के. पाच नाही, ३३. रस्ता एका गाडीपुरता. मी उभं राहून बघितलंय, चांगले चांगले कार्बनवाले सायकल हातात धरून क्लीटवर खटखट करत चालतात, आणि बाजूला उभे असलेले लोक घंटा वाजवून त्यांनाही तितकंच ओरडून प्रोत्साहन देतात. मीही चालले. वर जाऊन रडले, पण ते वाऱ्यामुळे.

अवांतर: सह्याद्रीत चढ लांब आणि सौम्य का, आणि इथे आखूड आणि उभे का, कुणी सांगेल का?

अण्णा_शनिवारकर
इकडचे घाटरस्ते बैलगाड्या आणि तोफा चढाव्यात म्हणून वळणं देत देत आखलेले, हे एक. पण मीनल, सगळा सह्याद्री सारखा नाही. देशावरून चढताना आपण आधीच पाच-सातशे मीटरवर असतो, म्हणून पसरणी सोपी वाटते. कोकणातून चढून पाहा. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, तिथून महाबळेश्वर चाळीस किमी आणि तेराशे मीटर वर. पश्चिमेची बाजू कड्यासारखी तुटलेली आहे. संथगती त्याच बाजूने उतरणार आहेत, म्हणजे सगळा चढ फुकट घालवणार.

घाट म्हटला की मला मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवते. बोरघाटात जो पहिला माथ्यावर येई त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. आम्ही लोणाव्याला जाऊन कठड्यावर बसायचो. अख्खी शर्यत कोण जिंकलं हे विसरायला होई, पण घाटाचा राजा कोण हे आठवडाभर चर्चेला. घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, असं सांगतात. शर्यतीतले काही गडी चढता चढता त्याच्याकडे बघून नुसती मान लववायचे, हात सोडायची सोय नसायची.

सुर्वे_खंबाटकी
सगळे पसरणीवर बोलतायत, खंबाटकीचं कुणी बोलत नाही. साताऱ्याकडे जाताना जुना बोगदा मिळत नाही, तो पुण्याकडे येणाऱ्यांना. आपण वरून घाटानेच जातो, आणि आपल्याबरोबर सगळे ट्रक. ते आपल्याच वेगाने चढतात, त्यामुळे एक ट्रक दहा मिनिटं शेजारी असतो आणि त्याचा धूर थेट तोंडात.

कबुली देतो. २०११ ला मी तिथे ट्रकची मागची साखळी धरली होती. क्लीनरच म्हणाला, “धर की दादा.” दोन वळणं फुकट गेलो. तिसऱ्या वळणावर ड्रायव्हरने गिअर बदलला, ट्रक हिसका देऊन किंचित मागे सरकला आणि माझं पुढचं चाक बंपरखाली जाता जाता राहिलं. हाताला साखळीचा ग्रीसचा काळा शिक्का चार दिवस होता. आईने विचारलं तेव्हा चेन पडली होती म्हणून सांगितलं. कुणीही, कधीही, कितीही दम लागला तरी, ते करू नका.

भर्रकन
हे मात्र शंभर टक्के बरोबर. उताराबद्दलही सांगतो, कारण चढात लाज जाते, उतारात दात जातात. आंबेनळीत ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) असतील तर रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचे. कुंभरोशीच्या खाली वळणांवर खडी पसरलेली असते. एसटीला वळायला अख्खा रस्ता लागतो, ती तुमच्या बाजूला येणार हे धरूनच चाला. आणि माकडांच्या समोर केळं काढू नका.

सकाळी महाबळेश्वरहून निघताना छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्र घाला. वारा लागत नाही. खाली आल्यावर काढून वाचा.

वैशाली_ना
भर्रकन माणसात आले!

संथगती
सगळ्यांचे आभार. कॅसेट बदलायला गेलो. मिस्त्री म्हणाला, या डीरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ झेपणार नाही, ३२ लावतो. लावली. ईसीजी काढला, ठीक आहे. आयोजकांना वैशालीताईंचे दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर लगेच मिळालं, दुसऱ्यावर ते गप्प झाले आणि संध्याकाळी थांब्यांची यादी ग्रुपवर आली. येऊन सांगतो.

पोहेवाला
फोटो हवेत. आणि मित्राचं काय झालं?

सुस्त_अजगर
भरले. सगळ्या जागा संपल्यावर भरले, त्यामुळे टेम्पोत बसायला घेतलंय. केळी वाटणार.

संथगती
आलो. जिवंत आहे. खुर्चीत बसता येत नाही म्हणून उभ्याने टाइप करतोय.

पहाटे साडेचारला निघालो, कात्रजला अंधारात पुढे लाल दिव्यांची माळ वर वर चढताना दिसत होती. बोगद्यापर्यंत न थांबता गेलो, तेवढ्यानेच डोळ्यांत पाणी आलं. शिरवळला मिसळ खाऊ नका असं सगळे सांगत असताना खाल्ली. खंबाटकीला ती आठवत राहिली. सुर्वे, एका क्लीनरने मलाही साखळी दाखवली. तुमचा हात आठवला.

वाईला दहा वाजून गेले. पसरणीचे पहिले तीन किमी वाईकरांनी सांगितल्याप्रमाणे लाज वाटेल असे चालवले. एक शाळेचा मुलगा साध्या सायकलवर मला मागे टाकून गेला, कॅरिअरला दुधाची किटली. पाचव्या किमीला धरणाचं पाणी दिसलं. आठव्याला उजव्या मांडीत काहीतरी वळवळलं. मी आधी पाय सोडवला, डावीकडे घेतलं, उतरलो. ह्याच क्रमाने.

मागून आमचे स्वीप आले. साठीच्या घरातले, सायकल कार्बनची. मला वाटलं ‘चला चला’ म्हणतील. ते काही न बोलता उतरले आणि माझ्या शेजारून आपली सायकल ढकलत चालायला लागले. क्लीट डांबरावर खटखट, दोघांच्या. खिशातून कागदात गुंडाळलेले शेंगदाणे-गूळ काढले, अर्धे मला दिले. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या हॉलचं बोलत होते, किती महाग झालेत वगैरे. साताठशे मीटर चाललो असू. मग म्हणाले, “बसा आता.” बसलो. पाचगणीला शेवटून दुसरा पोचलो, कारण ते मुद्दाम माझ्यामागे राहिले.

वर एकोणचाळीस जण चहा पीत होते. (एक टेम्पोत होता, केळी वाटून दमलेला.) कुणी काही म्हणालं नाही. एकाने फक्त विचारलं, मिसळ कशी होती.

आंबेनळी उतरताना मनगटं दुखली. वर्तमानपत्र घातलं होतं. पोलादपूरला काढलं तर घामाने शब्दकोडं छातीवर उमटलेलं.

शेवटचा_डबा
स्वीप तोच खरा. हॉलचं मात्र सगळ्यांचं सारखंच चाललंय.

अण्णा_शनिवारकर
आठव्या किमीच्या आसपास उजवीकडे एक जुना दगडी कठडा आहे. तिथे आम्ही स्टोव्ह पेटवला होता. आहे का अजून?

संथगती
अण्णा, खाली बघत चालत होतो, खरं सांगतो. फेब्रुवारीत परत जातोय, बघून कळवतो.

ता. क. ११-२८ कॅसेट विकणे आहे. दीड वर्ष वापरलेली, सगळी सपाटीवर.

पोहेवाला
जाहिराती वेगळ्या विभागात टाकाव्यात ही विनंती. भर्रकनना विचारून बघा.

भर्रकन
किती?